इन्स्टाग्रामवरचं वस्तुसंग्रहालय आणि चार भोकांचं चाडं

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की महाविद्यालयाच्या भिंतींना रंग लागतो. आमच्या वस्तुसंग्रहालयाला त्या वर्षी इन्स्टाग्राम लागलं. "सोशल मीडियावर आपलं कायतरी दिसलं पाहिजे," एवढंच प्राचार्य म्हणाले आणि तासिका तत्त्वावर इतिहास शिकवणारा मी त्यांच्या समोरच उभा होतो. संग्रहालय म्हणजे विभागाशेजारची एक खोली. आसपासच्या गावांच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेली खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, चारमिनारची छाप असलेले निजामाचे हाली सिक्के, मोडी नि उर्दू कागद, शेतीची जुनी अवजारं. किल्ली शिपाईमामांकडे.

आधी फोटो. काचेच्या कपाटातल्या वस्तूचा फोटो काढला की वस्तूच्या जागी आपलंच तोंड नि मागची ट्यूबलाइट दिसते. ट्यूब बंद केली, मोबाइलच्या मागं काळं कापड धरायला दोन पोरं उभी केली, तेव्हा कुठं काच गायब झाली. नाणी मात्र बाहेर काढून खिडकीपाशी न्यावी लागली. उजेड एका बाजूनं तिरका पडला तरच छाप उठून दिसते. शेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि दाखल क्रमांकाची चिठ्ठी ठेवायची. पट्टी नसली तर फोटोत मणीसुद्धा माठाएवढा वाटतो.

मजकुराचं गाडं जास्त अडलं. 'सातवाहनकालीन मृण्मय अवशेष' असं लिहिलं की आमचेच विद्यार्थी अंगठ्यानं वर सरकवून मोकळे. त्यापेक्षा १८ मे रोजी, जागतिक संग्रहालय दिनाला टाकलेली रील चांगली चालली. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. पॉम्पेई गाडणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे मूर्ती त्याच्या आधीच समुद्रापार पोचलेली. रीलच्या शेवटी तेरला जाऊन या, रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचं शासकीय संग्रहालय पाहा, असं सांगितलं. प्राचार्य खूश झाले. पण बघणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. आमच्या खोलीचा उंबरा त्यातल्या कुणी ओलांडला नाही.

इंग्लंडात रेडिंगला ग्रामीण जीवनाचं एक संग्रहालय आहे. त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये १९६२ सालचा एका थोराड मेंढ्याचा फोटो ट्विटरवर टाकला, सोबत एका ओळीचा थट्टेचा मजकूर. तो जगभर फिरला. ही हकिगत वाचून मला आमच्या कोपऱ्यातली अवजारं आठवली. सातवाहनांपुढं त्यांना आम्ही कधी मानच दिला नव्हता.

मग पेरणीच्या तोंडावर चाड्याचा फोटो घेतला, वरून, आतली भोकं दिसतील असा. चाडं म्हणजे पेरणीच्या अवजारावरचं लाकडी वाडगं; त्यात टाकलेलं बी भोकांतून नळ्यांत उतरतं. अवजाराला जितके फण तितकी भोकं: तिफणीला तीन, चौफणीला चार. 'ओळखा पाहू, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा' एवढंच लिहिलं. यावेळी इन्स्टाग्रामपेक्षा विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर भर दिला, कारण गावातली चावडी आता तिथंच भरते. पोरांनी दिवा, वाडगा, मसाल्याचा डबा, काय वाट्टेल ते लिहिलं. संध्याकाळी एका विद्यार्थिनीच्या आजोबांचा व्हॉइस मेसेज आला: "आरं लेकरा, चाडं हाय ते. पण नात म्हणती, तुमच्या कपाटावर तिफणीचं लिवलंय. तिफणीला तीन भोकं राहतेत. ह्याला चार दिसतेत की. चौफणीचं हाय." फोटो मोठा करून पाहिला. चारच होती, एका भोकाची कड झिजून रुंद झालेली. कित्येक वर्षं त्या कपाटावर 'तिफणीचे चाडे' अशी टाइप केलेली पट्टी होती आणि आम्ही सगळे पदवीधर तिच्यासमोरून ये-जा करत होतो.

आजोबांना बोलावलं. ते एकटे आले नाहीत, सोबत शेजारचे दोघं-तिघं. मोटेच्या नाड्यावरून, म्हणजे दोरावरून, त्यांची आपसात जी जुंपली, ती आम्ही परवानगी घेऊन रेकॉर्ड केली. दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात दुरुस्ती, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिली. माझ्या मते लाइकपेक्षा हा रकाना भरणं महत्त्वाचं, पण अहवालात त्याला जागा नसते.

सिक्क्यांच्या फोटोंनी वेगळाच ताप आणला. "किती देता?", "आमच्याकडं असले लई हायेत, गिऱ्हाईक सांगा." काहींनी तर शेतात सापडलेल्या वस्तूंचे फोटो पाठवले. तेव्हापासून एक उत्तर लिहूनच ठेवलंय: आम्ही खरेदी-विक्री करत नाही, किंमतही सांगत नाही, जमिनीत दहा रुपयांच्या वर किमतीची पुरलेली वस्तू मिळाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि सापडल्याची नेमकी जागा पोस्टमध्ये कधीच टाकायची नाही, तालुक्यापर्यंतच थांबायचं. गुप्तधनाच्या नादानं रातोरात पांढरी उकरणारे आपल्याकडं कमी नाहीत.

समिती येऊन गेली. खातं मात्र चालू ठेवलंय, आठवड्याला एकच वस्तू. माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, कधी होतही नाही. म्हणून खातं विभागाच्या ईमेलवर काढलंय आणि पासवर्ड लिहिलेला लिफाफा नोंदवहीसोबत कपाटात ठेवलाय. कपाटाची किल्लीही शिपाईमामांकडेच.