धरण किती भरलं?

मुलुंडहून शेंडीला राहायला आले, त्याला येत्या ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाला लागून असलेलं गाव. नकाशात इथल्या पाण्याला ‘आर्थर लेक’ म्हणतात, हॉटेलांच्या पाट्यांवरही तेच असतं. गावात मात्र तो शब्द मी एकदाही ऐकला नाही. इथे सगळे धरणच म्हणतात.

मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. क्लायंट लंडनचा, त्यामुळे काम दुपारी बाराला सुरू होतं आणि रात्री नवाला संपतं. महिन्यातून दोन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात जावं लागतं. तेव्हा घोटीपर्यंत जीप, तिथून कसारा आणि पुढे लोकल. एवढंच जमवायचं होतं. घर मिळवणं त्याहून कितीतरी अवघड गेलं.

भाड्याची घरं इथे जवळपास नाहीतच. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत, तो त्या शनिवार-रविवारी पर्यटकांना देतो. महिन्याचं भाडं मी देऊ केलं तेव्हा मावशींनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, सरळ हिशोब मांडला. काजव्यांच्या दिवसांत आणि पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत दोन-तीन वीकएंडलाच तेवढे पैसे सुटतात. मग आमचं असं ठरलं की वर्षभर खोली माझी, पण मे-जूनचे चार आणि ऑगस्टचे दोन वीकएंड मी सामान कपाटात बंद करून मुलुंडला आईकडे जायचं. मला हा सौदा रास्त वाटतो. शहराचा पगार घेऊन आपण इथे येतो. आपल्यामुळे कुणाची वर्षाची कमाई बुडू नये.

पहिल्या ऑक्टोबरात धरण काठोकाठ होतं. खिडकीतून पाणी, त्यामागे रतनगड, सकाळी धुकं. मला वाटलं, हे असंच राहणार. डिसेंबरात मावशींचा मुलगा म्हणाला, “आवर्तन सुटलंय,” आणि मला काहीच कळलं नाही. आवर्तन म्हणजे शेतीसाठी धरणातून ठरावीक काळ सोडलेलं पाणी. मग त्याने मला धरणाच्या भिंतीजवळ नेलं. मोरीतून सुटलेलं पाणी गोल खडकावरून पसरत खाली येत होतं, अगदी उघडलेल्या छत्रीसारखं. हाच अंब्रेला फॉल. पाऊस संपून महिने झाले तरी तो वाहत होता, कारण खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शेतांना पाणी चाललं होतं. १९२६ साली पूर्ण झालेली ही दगडी भिंत त्याच शेतीसाठी बांधली. खालचा ऊस या पाण्यावर उभा राहिला. मेपर्यंत काठावर तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि वरच्या वाड्यांत बाया हंडे घेऊन फिरतात. धरणाच्या काठावर राहून पाण्यासाठी फिरायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

इथे कुणी “कशा आहात” असं विचारत नाही. “किती भरलं?” असं विचारतात. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. जुलैत सकाळी दुकानात दूध घ्यायला गेलं की आदल्या दिवसाचा आकडा कळतो. तो ऐकल्याशिवाय आता मलाही दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

पावसाळ्याबद्दल मावशींनी गेल्या वर्षी जूनमध्येच सांगितलं होतं, “ताई, धरण भरायला लागलं का इथं लाईट नाही, मोबाईल नाही. लाकडं भरून ठेवा.” मी लाकडं भरली, इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांची सिमकार्डं घेतली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सगळंच एकदम बंद पडलं. इंटरनेटची केबल तुटली, मोबाईलचे टॉवर बंद पडले, दोन दिवस वीज नव्हती. नेमका आमच्या सॉफ्टवेअरच्या रिलीजचा दिवस होता. रेनकोटवर रेनकोट चढवून मी स्कूटरने राजूरला निघाले. वाटेत रंधा धबधब्याचा आवाज रस्त्यावरच ऐकू येत होता. राजूरला एका झेरॉक्सवाल्या दादांनी दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल दिलं, वायफाय दिलं, संध्याकाळी पेढेही आणून दिले. पैसे घ्यायला तयार होईनात. केबलच्या तक्रारीला उत्तर यायला अकरा दिवस लागले, याचा मात्र राग अजून आहे. गावातल्या पोरांचे कॉलेजचे फॉर्मही त्याच केबलवर अडले होते.

परतताना दोन्ही बाजूंना भाताची आवणी चाललेली. गुडघाभर चिखलात बायांची रांग, पाठीवर प्लास्टिक, हातात रोपांच्या जुड्या. मुसळधार पावसातही हात थांबत नव्हते.

आता काजव्यांचे दिवस आहेत. पावसाच्या आधीचे जेमतेम दोन-तीन आठवडे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर ते एका लयीत लुकलुकतात. नर काजवा मादीला बोलावण्यासाठी चमकतो, म्हणून गाडीचे हेडलाइट आणि मोबाईलच्या बॅटऱ्या त्यांचा संसारच मोडतात. गेल्या वर्षी घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक गाडीचे दिवे चालू. एका झाडाखाली लोक फांदी हलवून काजवे उडवत होते. मला रडू आलं. येणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या, गाडी लांब लावा, दिवे बंद करा, दहा मिनिटं अंधारात नुसते उभे राहा.

मी काल मंगळवारी गेले होते. काम संपवून, मावशी आणि मी दोघीच. त्यांनी टॉर्च पदरात गुंडाळून धरली होती. ओढ्याकाठच्या सादड्यावर खालून वर उजेडाची लाट जायची, क्षणभर सगळं विझायचं, मग पुन्हा. मावशी हळूच म्हणाल्या, “आवंदा लवकर येतंय वाटतं पाऊस.” घरी येऊन मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. लाकडं अजून निम्मीच भरली आहेत.