पायाखालचा ब्रेक

इंग्लंडात भाड्याच्या घरासोबत गॅरेज मिळालं आणि तिथूनच माझं बिनसलं. आता त्यात १९६७ ची मॉरिस मायनर उभी आहे. आपली अँबॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तिच्याच घराण्यातली ही धाकटी. हिचे नट-बोल्ट इंचातले. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे आपल्या फिटरच्या भाषेत चार सुताच्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की कोपरे खातो. पहिल्याच आठवड्यात मी एका नटाची अशी वाट लावली.

इथे चाळीस वर्षांहून जुन्या, फारशा न बदललेल्या गाडीला २०१८ पासून दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी, सक्तीची नाही. ऐकून आधी बरं वाटलं, मग पोटात गोळा आला. म्हणजे तपासणारा मीच! आणि या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकला मिळून तेलाचं एकच सर्किट. ते गेलं की उरला हँडब्रेक.

गेल्या महिन्यात सिग्नलला पेडल दाबून धरलं, तर ते हळूहळू खाली जायला लागलं. बाहेर थेंबही गळत नव्हता. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा तो मास्टर सिलेंडर, त्याच्या आतले रबरी सील गेले होते. नवा सिलेंडर सहज मिळाला. रडगाणं जुना काढण्याचं. तो बॉनेटखाली नाही, ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसिसच्या पोकळीत दडवलाय. कार्पेट उचला, झाकण काढा, तेव्हा त्याचं दर्शन. त्याचे लांब बोल्ट ओढायला जावं तर सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई, आडवा येतो. तो हलवायचा म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शनच सोडवत बसा. ज्याने हे आखलं, त्याला हे काम करावं लागलं नसणार.

दोन संध्याकाळी नुसतं गंज सोडवणारं तेल मारत धीर गोळा केला. तिसऱ्या दिवशी खाली सरपटत जाऊन टॉर्च मारला, तर बोल्टांची डोकी दुरुस्तीच्या पुस्तकातल्या चित्राच्या उलट बाजूला! आधी कोणीतरी हेच भोगून, पुढच्याला बार हलवावा लागू नये म्हणून, बोल्ट मुद्दाम उलटे घातले होते. नट सुटले आणि बोल्ट सुळकन हातात आले. नवा सिलेंडर बसवताना मीही ते तसेच घातले.

आता ब्रेकमधली हवा काढायची राहिलीय. त्याला पेडल दाबणारा दुसरा माणूस लागतो आणि बायको म्हणते, रविवारी बघू.