गुळाचा रंग कुठं ठरतो

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा दर आधी डोळ्यांनी ठरतो. रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, फोडला आणि आत फिका पिवळा रंग दिसला की बोली चढते, तपकिरी दिसला की उतरते. आपला बराचसा माल गुजरातला जातो आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला फिकट गूळच लागतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या जोरावर वाढली, आणि पुढं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आजही दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर मार्केट यार्डात सौदे निघतात, तेव्हा पहिली चर्चा रंगाचीच असते.

पण चांगला रंग काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, घालता येत नाही. तो उसाबरोबर रानातून येतो, आणि गुऱ्हाळात फार तर तो बिघडू न देणं आपल्या हातात असतं. जे रानात कमावलं नाही ते काहिलीत पावडर टाकून मिळवायला गेलं की गूळ हातचा जातो.

सुरुवात जातीपासून. गुळासाठी को ९२००५ हा ऊस सरस. त्याचा गूळ रवाळ, घट्ट आणि आपसूक उजळ होतो. को ८६०३२ सुद्धा चांगला. फुले २६५ वजनाला भारी आणि खारवट रानात तग धरणारा, पण गुळाच्या प्रतीत मागं पडतो. जातीइतकंच रान महत्त्वाचं. चोपण किंवा खारवट जमिनीतल्या उसात क्षार जास्त उतरतात, तो गूळ चवीला खारट लागतो आणि पावसाळ्यात पाणी ओढतो. मध्यम काळ्या, निचऱ्याच्या, नदीकाठच्या पोयट्याच्या रानातला गूळ नावाजलेला आहे तो याच कारणानं.

युरियाचा हात सैल सोडला तर ऊस हिरवागार दिसतो, पण रसात नत्राची संयुगं वाढतात, पाक काळवंडतो आणि गूळ मऊ राहतो. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर देताना द्यावा, त्यानंतर नाही. तोडणी पूर्ण पक्वतेला, म्हणजे सुरू (हिवाळ्यात लावलेला) ऊस साधारण १२ महिन्यांचा आणि आडसाली (पावसाळ्यात लावलेला) १४ ते १६ महिन्यांचा झाल्यावर. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं प्रमाण, २० च्या पुढं दिसला की खुशाल कोयता लावा. तोडताना बुडखा जमिनीलगत घ्यायचा, कारण साखर तिथं सर्वांत जास्त. शेंड्याकडची कोवळी कांडी वाढ्याबरोबर काढून टाकायची. तिच्यात साखर कमी आणि न जमणारी द्रव्यं जास्त.

तोडलेला ऊस त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घाण्याला लागला पाहिजे. ऊस पडून राहिला की त्यातल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन सुरू होतं. हे दोन्ही घटक कणी धरत नाहीत, उलट हवेतलं पाणी खेचतात. गूळ चिकट होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. लोळलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, बुडालेल्या उसातही तीच गत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या उसात अनेक दिवस उभं होतं. असा ऊस गाळून पक्क्या रव्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही, त्याची काकवी (पातळ गूळ) करणं परवडतं.

चांगल्या चरकातून उसाच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के रस निघतो. रस आधी हौदात निवळू द्यायचा, माती खाली बसते. मग गाळून काहिलीत. १,००० लिटरच्या आधणाला (काहिलीत एका वेळी चढवलेल्या रसाला) पावणेदोन टनांच्या आसपास ऊस लागतो आणि शेवटी सुमारे २०० किलो गूळ हाती येतो. म्हणजे मधल्या अडीच-तीन तासांत जवळपास ८०० लिटर पाणी वाफेवर घालवायचं असतं, तेही त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडावर. चुलवाण (काहिलीखालची भट्टी) नीट बांधलं असेल आणि धुराडं चांगलं ओढत असेल तर चिपाड पुरून उरतं. ओलं चिपाड घातलं की धूर होतो, आच मरते, आधण रेंगाळतं, आणि जितकं रेंगाळेल तितका रंग गडद होतो. म्हणून जाळ घालणाऱ्या जळव्याला मी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या बरोबरीचा कारागीर मानतो. त्याची जागा मात्र काहिलीच्या खाली, धगीसमोर असते आणि नाव कुणी घेत नाही.

आता काहिलीकडं. उसाचा ताजा रस थोडा आंबट असतो, सामू (आंबटपणाचं माप, pH) ५.२ ते ५.४ च्या दरम्यान. आंबट रस तसाच उकळला तर उष्णतेनं साखर आणखी फुटते. म्हणून चुन्याची निवळी घालून सामू ६ ते ६.४ पर्यंत आणतात. यासाठी सामू कागदाची पट्टी मिळते, तरी बहुतेक ठिकाणी चुना अंदाजानं पडतो. कमी पडला तर गूळ मऊ. जास्त पडला तर फुटलेली साखर अल्कलीत जळल्यासारखी होऊन गडद रंग धरते आणि गूळ चवीला साबणासारखा लागतो. लोक म्हणतात ऊसच काळा होता. उसाचा दोष तिथं नसतो.

रस तापू लागला की भेंडीचं पाणी घालायचं. रानभेंडीची खोडं-मुळं ठेचून, पाण्यात चोळून बुळबुळीत लगदा काढतात, १,००० लिटरला साधारण २ किलो भेंडी. हा चिकट पदार्थ रसातला मेणाचा, प्रथिनांचा, मातीचा बारीक अंश धरतो आणि रस ८५ अंशांच्या आसपास गेला की सगळं मळी होऊन वर येतं. इथं घाई चालत नाही. रसाला खळखळून उकळी फुटायच्या आत ही पहिली काळपट मळी झाऱ्यानं काढून झाली पाहिजे. उकळी फुटली की मळी रसात परत घोटली जाते आणि मग कितीही गाळा, गूळ गढूळच. पहिल्यांदा आच मंद, मळी निघाल्यावर भरपूर, आणि पाक घट्ट व्हायला लागला की पुन्हा कमी. ही तीन आचांची चाल जमली की अर्धं काम झालं.

पाणी उडत गेलं की फेस काहिलीच्या काठाशी येतो. थोडं शेंगदाण्याचं किंवा एरंडेल तेल शिंपडलं की फेस बसतो. १०५-१०६ अंशांना उतरवलं तर काकवी. पुढं बुडबुडे मोठे आणि जड होतात, पाक बुळकायला लागतो, आणि इथून गुळव्या काहिलीवरची नजर काढत नाही. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळी वळायची. गोळी विरघळली तर अजून वेळ आहे, वळली आणि भांड्याच्या काठावर आपटल्यावर टणक आवाज आला की काहील उतरवायची. थर्मामीटरवर हा आकडा ११६ ते ११८ येतो. दोन अंश आधी उतरवली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर बुडाला पाक करपण्याची भीती. भुकटी करायची असेल तर मात्र १२० च्या वर जावं लागतं. अनुभवी गुळव्याच्या गोळीवर माझा पूर्ण भरवसा आहे. तरीही थर्मामीटर शेजारी असला तर त्याचा कुणी अपमान समजू नये.

उतरवलेला पाक वाफ्यात, म्हणजे पसरट उथळ हौदात, ओततात. वाफ्यात तो पसरून फावड्यानं घोटला की हवा लागते, निवतो आणि कणी धरू लागतो. गरम असतानाच साच्यात भरला तर रव्याच्या पोटात ओल राहते, फार निवला तर साच्याला धरत नाही आणि रव्याला भेगा पडतात. साच्यात ओलं कापड अंथरून वरून पाक दाबला की ३० किलोचा रवा सुटताना कापडासकट अलगद येतो. घरगुती गिऱ्हाइकासाठी आता एक किलोच्या ढेपाही निघतात.

इतक्या सगळ्या खटाटोपानंतर गूळ तपकिरी आला की बाजार भाव पाडतो. म्हणून काहिलीत हायड्रॉस पडतं. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड उजळवायला वापरतात ते. त्यानं रंग क्षणात उडतो, पण गंधक गुळात राहतं, चव खारट होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उडवलेला रंग टिकत नाही. काही आठवड्यांत तोच गूळ पुन्हा गडद व्हायला लागतो. तोवर व्यापार झालेला असतो. दुसरी खोड साखर मिसळण्याची. साखर रसापेक्षा स्वस्त पडते त्या वर्षी ती काहिलीत ओतली जाते. असा गूळ उजळ आणि दगडासारखा कडक येतो, फोडलेल्या बाजूला स्फटिक चमकतात, पण तोंडात विरघळताना उसाचा वास येत नाही. ज्या गुळव्यानं अख्खा दिवस धगीत उभं राहून निखळ गूळ काढला, त्याच्या मालापेक्षा याला जास्त दर मिळतो, याचं फार वाईट वाटतं.

विकत घेताना रवा फोडून आत बघावा. रंग सोनेरी ते तपकिरी, फोडलेला पृष्ठभाग बारीक रवाळ, चव आधी गोड आणि मागून किंचित उसाची. जिभेवर खारट लागला तर ठेवून द्यावा. तुकडा पाण्यात विरघळवला की तळाशी माती दिसते का तेही बघा. लिंबू पिळल्यावर खूप फसफसला तर त्यात सोडा किंवा खडू आहे.

घरी साठवताना चांगल्या गुळातलं पाणी ५-६ टक्क्यांच्या आत असतं, हे लक्षात ठेवा. आपल्या जूनच्या हवेत उघडा ठेवलात तर दोन-चार दिवसांत त्याला पाझर फुटतो. मे महिना संपायच्या आत कोरड्या हवेतच फोडून, हवाबंद डब्यात दाबून भरावा, आणि चमचा कोरडा ठेवावा. डब्यात पाझर दिसायला लागलाच तर तो गूळ वितळवून घट्ट काकवी करा आणि ती आधी संपवा.