तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रह पाण्याची खोली मोजतो तरी कशी?

उथळ पाण्याच्या खोलीचे नकाशे करतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच. उत्तर ऐकून लोक जरा हिरमुसतात, कारण उपग्रह खोली मोजतच नाही. त्याला दिसतो तो रंग. खोलीचा हिशेब आपण मांडतो.

पाणी प्रकाश गिळतं, पण सगळे रंग सारखेच गिळत नाही. तांबडा पहिल्या काही मीटरांतच संपतो. स्वच्छ पाण्यात निळा सगळ्यांत खोल पोचतो आणि तळावर आपटून परत येतो. हिरवा वाटेत जास्त खर्च होतो. म्हणजे खोली वाढेल तसं या दोघांचं प्रमाण बदलतं. 2003 साली स्टम्फ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत यावरच उभी आहे: दोन्हींचे लॉगरिदम घ्या, त्यांचं गुणोत्तर काढा. कल्पना मात्र जुनी. 1975 मध्येच नासा आणि समुद्र संशोधक झाक कूस्तो यांनी बहामाच्या पाण्यात लँडसॅट उपग्रहाची चित्रं पडताळून पाहिली होती, आणि साधारण 22 मीटरपर्यंत हिशेब जमला होता.

गुणोत्तर म्हणजे अजून मीटर नव्हेत. त्यासाठी काही ठिकाणची खरी खोली हातात लागते, इको साउंडरने (तळावर ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून खोली काढणाऱ्या यंत्राने) घेतलेली किंवा आइससॅट-2च्या हिरव्या लेसरची. (हा उपग्रह खरोखरच मोजतो, तेव्हा वरचं विधान तेवढ्यापुरतं मागे घेतो. पण तो मोजतो ते त्याच्या वाटेखालच्या बारीक रेघांवर, सबंध किनाऱ्यावर नाही.) शिवाय चित्र घेतलं त्या क्षणी भरती होती की ओहोटी, ते पाहून आकडे दुरुस्त करायचे.

सुरुवातीला मी चित्रातल्या फक्त हिरव्या रंगाच्या पट्ट्यावर विसंबलो होतो. नकाशात एक छान गडद खोलगट भाग निघाला. होडी तिथे नेली तर खाली दीड मीटर पाणी आणि समुद्री गवताचं दाट कुरण! काळा तळ खोल भासतो, पांढरी वाळू उथळ. तळ काळा असला की निळा आणि हिरवा दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात मंदावतात, त्यामुळे गुणोत्तराने ही फसगत बरीच कमी होते. पण गवताला स्वतःचा रंग आहे, तेव्हा पूर्ण टळत नाही.

याहून मला भीती वाटते ती गढूळ पाण्याची. तिथे तळ दिसतच नाही, तरी सूत्र निमूटपणे आकडा देतं, आणि तो उथळाकडे झुकलेला असतो. 'इथलं मला सांगता येत नाही' असं म्हणण्याची सोय सूत्रात नाही. ती मी करतो: काही दिवसांच्या अंतराने घेतलेली तीन-चार चित्रं लावतो, आणि भरतीचा हिशेब करूनही जिथे आकडे उड्या मारतात तो भाग नकाशातून कोरा ठेवतो.

मग विचारतात, एवढा भाग रिकामा का सोडलात?