आमची वाटचाल : सवाईचे तीन दिवस

लहान गटांच्या छोट्या सहली हा आमचा व्यवसाय. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते ती डिसेंबरातल्या पुण्याला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला धरून आखलेल्या सहलीला. गाणं, खाणं आणि गड या तिन्ही गोष्टी तीन दिवसांत बसवायच्या असतात. कागदावर त्या लगेच बसतात, माणसांच्या पाठीत आणि पोटात बसवायला मात्र आम्हाला काही मोसम लागले.

पहिला आराखडा सरळ होता. शुक्रवारी यायचं, शनिवारी पहाटे सिंहगड, संध्याकाळी गाणं, रविवारी परत. तो दोन्हीकडून फसला. शनिवार-रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि वरचा वाहनतळ भरला की गाड्या खालीच थांबवतात. दुसरं कारण ध्वनिक्षेपकाचं. एरवी रात्री 10 ला आवाज बंद करावा लागतो. मध्यरात्रीपर्यंत चालवायची खास परवानगी बहुतेक शनिवारसाठी असते. पहाटे पाचला उठून गड चढलेला माणूस रात्री अकराच्या दरबारी रागाला मंडपात घोरतो, आणि शेजारचे श्रोते ते खपवून घेत नाहीत.

आता मंडळी गुरुवारी रात्रीच मुक्कामाला येतात आणि गड शुक्रवारी होतो. साडेपाचला निघून साडेसहाला गडाच्या पायथ्याची आतकरवाडी. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं विजेरी हवी. चढ दीड तासाचा धरतो, माणशी एक लिटर पाणी. वर पोचल्यावर फोटो नंतर, आधी पिठलं-भाकरीची ऑर्डर. भाकऱ्या एकेक करून तव्यावर पडतात, बारा जणांना पंचवीस मिनिटं सहज लागतात. मडक्यातलं दही घ्यावंच, पण थंडगार दह्यावर गरम कांदाभजी खाणाऱ्याचा घसा संध्याकाळी धरतो, आणि संथ लयीतल्या विलंबित ख्यालात खोकला फार लांबवर ऐकू जातो. अकराला उतरायला लागायचं, दीडपर्यंत खोलीवर. मग दोन तास झोप. हे दोन तास आम्ही कशासाठीही देत नाही, खरेदीसाठी तर नाहीच.

महोत्सव पूर्वी रमणबागेत व्हायचा, 2018 पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. त्यामुळे मुक्काम पेठांतून हलवून स्वारगेटजवळ आणला. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंत मेट्रो आली तेव्हा हा निर्णय आणखीच बरा ठरला: पुणे स्टेशनहून यायचं, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलायची, झालं. मध्यरात्री मेट्रो नसते, म्हणून शनिवारी परतीची गाडी आधीच ठरवून ठेवतो. बारा माणसांना तेरा आसनी गाडी पुरते असं वाटतं, ते सामान चढेपर्यंत.

तिकीट काढताना पहिला प्रश्न गुडघ्यांचा विचारतो. भारतीय बैठक, म्हणजे जमिनीवर बसायची जागा, स्वस्त पडते, पण सहा-सात तास मांडी घालणं सगळ्यांना जमत नाही. साठीच्या पुढच्यांना खुर्चीच. मैदान उघडं, सातनंतर गारठा वाढतो. शाल सोबत हवी, खोलीवर ठेवलेली उपयोगाची नाही.

शनिवारची सकाळ मुद्दाम हलकी ठेवतो. पर्वतीच्या 103 पायऱ्या, माथ्यावरून शहर, मग नारायण पेठेत मिसळ. पुण्याची मिसळ कोल्हापूरकरांना गोडसर लागते. त्यावर वाद घालायला वेळ राखून ठेवलेला असतो. मिसळ सकाळीच का, तर संध्याकाळच्या बैठकीआधी झणझणीत तर्री पोटात गेली की मारवा रागापर्यंत जळजळ सुरू होते. मस्तानीचंही तसंच. घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, म्हणजे डुलकीची हमी. ती आम्ही रविवारी दुपारी ठेवतो, घरी निघण्याआधी.

रविवारचं सत्र आराखड्यात नाही. ज्यांना ते ऐकायचंच असतं त्यांनी एक रात्र वाढवावी आणि हे नोंदणीच्या वेळीच सांगावं, कारण त्या आठवड्यात स्वारगेटकडच्या खोल्या आयत्या वेळी मिळत नाहीत.