‘बाबा’चा ‘मामा’ का होत होता

केसपेपरवर एकच ओळ होती: ‘वय सहा, बोलणं अस्पष्ट.’ मुंबईत मी ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत, म्हणजे ऐकणं आणि बोलणं यांच्या तपासणी-उपचारांत, मास्टर्स करत होते. ओपीडीत पहिली तपासणी आम्ही विद्यार्थी करायचो आणि आमच्या शिक्षिका, मॅडम, बाजूला बसून ऐकायच्या. मुलगा धीट होता. शाळा, मित्र, घरचं मांजर, सगळं न थांबता सांगत होता, पण शब्द निम्मे नाकातून येत होते. ‘वर्गातली पोरं गेंगाण्या म्हणतात,’ आई म्हणाली. मग जरा थांबून, ‘वडिलांना हाक मारतो तीसुद्धा मामा अशीच ऐकू येते. चारचौघांत लोक हसतात हो मॅडम.’ जीभ जड आहे, मोठा झाला की सुटेल, असं तिला घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं.

जिभेचा यात काही दोष नव्हता. प, फ, ब, भ, म ही ओळ पाहा. पाचही अक्षरं ओठांवरच तयार होतात. पहिल्या चारांच्या वेळी टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो, घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाची वाट बंद करतो. मग तोंडात हवेचा दाब साठतो आणि ओठ उघडताच अक्षर फुटतं. ‘म’ला मात्र ती वाट उघडी लागते. ‘ब’ म्हणताना वाट बंदच झाली नाही, तर ओठांनी आपलं काम चोख करूनही ‘म’च बाहेर येणार. या मुलाचा ‘द’ही ‘न’सारखा येत होता. म्हणजे ओठ आणि जीभ बरोबर जागी पोचत होती, हवा मात्र भलतीकडून निसटत होती. वर्णमालेचा तक्ता आपण पहिलीत घोकतो, पण कंठापासून ओठांपर्यंतची त्याची मांडणी म्हणजे वाचातपासणीचा तयार नकाशा आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी एकही अनुनासिक, म्हणजे म, न असं नाकातून येणारं अक्षर, नसलेली वाक्यं घेतली. ‘बाबा पपई कापा.’ ‘दादा, टोपी ठेव.’ नाकाखाली छोटा आरसा धरून त्याला नुसतं ‘प प प प’ म्हणायला लावलं. एरवी आरसा कोरडा राहतो. इथे प्रत्येक ‘प’ला त्यावर वाफ धरत होती. मग दोन बोटांनी त्याचं नाक हलकेच मिटलं आणि म्हटलं, ‘आता बाबा म्हण.’

‘बाबा.’

आवाज थोडा दबका, पण ‘ब’ अगदी ठसठशीत. आई खुर्चीतून उठलीच. ‘परत म्हण रे!’ मग त्याने स्वतःच नाक धरलं आणि बाबा, बाबा, बाबा असा सपाटा लावला.

‘काका’ मात्र नाक धरूनही सुधारेना. ‘आ-आ’ असंच यायचं, मध्ये घशात एक उचकीसारखा झटका. तो झटका स्वरयंत्रातला. तोंडात दाब टिकत नाही म्हणून मूल गळती जिथे सुरू होते त्याच्याही खाली, स्वरतंतूंवरच हवा अडवायला शिकतं. ती त्याची सवय झालेली असते. एकाच तोंडात दोन वेगळ्या चुका होत्या: ‘ब’ची चूक रचनेची आणि ‘क’ची शिकलेली. कोणती कुठली हे ओळखलं नाही तर पुढचे सगळे उपचार चुकतात.

टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं. पडजीभ टोकाला दुभंगलेली. त्याला ‘आ’ म्हणायला सांगितलं, तर मऊ टाळूच्या मधोमध एक निळसर, पातळ पट्टी दिसली. मॅडम उठून आल्या, म्हणाल्या, ‘ग्लोव्ह घाल आणि कडक टाळूची मागची कड चाचपून बघ.’ बोटाला मध्यभागी खाच लागली. दुभंगलेली पडजीभ, पातळ पट्टी आणि हाडातली खाच: प्लास्टिक सर्जन कॅलनन यांनी 1954 मध्ये सांगितलेल्या तिन्ही खुणा एका मुलात होत्या. हा ‘सबम्यूकस क्लेफ्ट’, म्हणजे टाळू आतून फाटलेला, वर तोंडातल्या अस्तराचं अखंड आवरण. टाळू उचलणारा स्नायू मधोमध जुळतच नाही, त्याचे तंतू पुढे कडक टाळूच्या कडेला चिकटलेले असतात. वरून सगळं शाबूत दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

मग आईला नेमके प्रश्न विचारले. तान्हा असताना दूध नाकातून यायचं का? यायचं. कान फुटायचा? वरचेवर. आणि आदल्या वर्षी घोरण्यासाठी अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, काढली होती, तेव्हापासून बोलणं जास्तच बिघडलं होतं. कारण आखूड टाळू आणि घशाची भिंत यांच्यातली पोकळी तोवर त्या गाठीने थोडीफार भरलेली होती. अशा मुलाच्या अ‍ॅडेनॉइडला हात लावण्याआधी टाळू पाहायलाच हवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते झालं नव्हतं याचा मला आजही राग येतो.

तेवढाच राग फुग्यांचा येतो. कुणीतरी सांगितलं म्हणून ही बाई महिनोन्महिने मुलाकडून फुगे फुगवून घेत होती, मेणबत्त्या विझवायला लावत होती. फुंकताना टाळू जसा हलतो तसा बोलताना हलत नाही, शिवाय भलतीकडे चिकटलेला स्नायू व्यायामाने जागेवर येत नाही. हे व्यायाम अजून सर्रास सांगितले जातात. त्यात मुलाची वर्षं जातात आणि शेवटी ‘तू नीट सराव करत नाहीस’ म्हणून बोलणीही मुलालाच बसतात.

त्याच दिवशी कानांची तपासणी झाली, पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. नाकातून दुर्बीण घालून बोलताना टाळू पाहायचा, प्लास्टिक सर्जनना दाखवायचं आणि हृदय तपासून घ्यायचं, कारण असा टाळू कधीकधी हृदयावरही परिणाम करणाऱ्या एखाद्या जनुकीय दोषाचा भाग असतो, असं ठरलं. आईने एकच विचारलं, ‘ऑपरेशन झाल्यावर नीट बोलेल ना?’ मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ‘ताई, ब आणि द बहुतेक ऑपरेशनने सुधारतील. क आपोआप येणार नाही, तो आपल्याला बसून शिकवायला लागेल.’

हृदय ठीक निघालं आणि काही महिन्यांनी टाळूचं ऑपरेशन झालं. नाकातली गळती बरीच कमी झाली, ‘बाबा’ नाक न धरता येऊ लागला. मग ‘क’ हाती घेतला. आधी ‘ह’चा लांब, मोकळा श्वास, म्हणजे स्वरतंतू सैल राहतात. मग तोच श्वास सोडता सोडता जिभेची मागची बाजू वर टेकवायची, तीही कुजबुजत, कारण कुजबुजताना घशातला झटका द्यायला जड जातं. ‘अक’, ‘इक’ असं शब्दाच्या शेवटी आधी जमलं. सुरुवातीचा ‘क’ अजून निम्म्या वेळा घशात अडकतो, त्यावर सध्या काम चालू आहे.