टियाव नदीच्या अलीकडे

म्यानमारमधून मिझोरामात पळून आलेल्या माणसांसाठी ताडपत्र्या, ब्लँकेटं, सॅनिटरी पॅड आणि ओआरएसची खोकी इंदूरच्या सियागंज बाजारातून ट्रान्सपोर्टने आधीच रवाना झाली होती. आम्ही मंडळातली चार माणसं विमानाने आयझॉलजवळच्या लेंगपुईला उतरलो, तिथेच इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, काढलं आणि आयझॉलहून सुमोने सीमेकडच्या चंफायची वाट धरली. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतलं, पण घाटरस्ता अख्खा दिवस खातो. सेलिंगजवळ रस्त्याकडेला विक्रेत्याविना दुकानं लागतात: भाजी उचला, पैसे डब्यात टाका. आमच्यातल्या काकू म्हणाल्या, "आपल्या इंदूरच्या छावणी भागात असं मांडलं तर आधी डबाच जाईल!"

पुढे सीमेवरचं गाव झोखावथार. टियाव नदीवरचा पूल ओलांडला की म्यानमारचा चिन प्रांत. फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथून माणसं येतच आहेत. मिझोराममध्ये तीस हजारांवर असतील. नोव्हेंबर २०२३मध्ये समोरच्या रिखावदारला लढाई पेटली, तेव्हा सुमारे पाच हजार लोक या एवढ्याशा गावात शिरले. आम्ही पोचलो डिसेंबरात. बरेच परतले होते. ज्यांना परतायला घर उरलं नव्हतं, ते इथेच होते.

केंद्राने २०२१मध्येच ईशान्येतल्या राज्यांना ही माणसं अडवा म्हणून कळवलं होतं. मिझोरामने ऐकलं नाही, कारण मिझो आणि चिन एकाच गोतातले. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, म्हणजे कायद्याच्या लेखी हे निर्वासितही नव्हेत. त्यांची चूल पेटते ती गावकरी, चर्च आणि यंग मिझो असोसिएशन या स्थानिक संघटनेच्या जिवावर. आम्ही नेलेलं सामान त्यापुढे किरकोळच.

ट्रक नेमका रविवारी आला. रविवारी इथे चर्च सोडून काही चालत नाही. इंदूरचा ड्रायव्हर "भिया, खाली तो करा लो" म्हणत दिवसभर चरफडत राहिला. सोमवारी वाटप झालं ते मात्र बघण्यासारखं. वाटप पाहणाऱ्या स्थानिक समितीच्या रजिस्टरमध्ये कुटुंबप्रमुख, माणसं, तान्ही मुलं असे रकाने आखलेले. रांग नाही, आरडाओरडा नाही, फोटोसाठी कुणाला उभं करणं तर नाहीच. एक बाई हाताने मोजून ताडपत्री कापत होती. दुसरी तापवलेल्या खिळ्याने कडेला भोकं पाडून लगेच दोरी ओवत होती. एका ताडपत्रीत दोन छपरं.

पलीकडच्या छावण्यांचा वाटा आम्ही नेला नाही. आमचं काम पुलापर्यंतच. तिथून सीमेवर पहारा देणाऱ्या आसाम रायफल्सच्या जवानांनी तपासून सोडलेली पोती चिन तरुण कपाळाला पट्टा लावून पाठीवर घेऊन गेले. मिझोंचा पवित्र रिह दिल तलाव त्याच बाजूला. मिझोरामचं सगळ्यात मोठं तळं म्यानमारमध्ये आहे, असं इथले लोक हसत सांगतात.

निघताना समितीच्या म्हाताऱ्या सेक्रेटरीने हिंदीत यादी लिहून दिली. तांदूळ आयझॉलला घ्या, इंदूरहून आणून भाडं वाया घालवू नका, जुने कपडे नकोत, ताडपत्री जाड हवी, पावसाळ्याआधी या. सियागंजातल्या दुकानदाराशी भाव बोलून झालाय.